रेवणप्पाच्या फटफटीचा जोड

सायकलच्या धंद्यात पंक्चर काढणाऱ्याला रात्री झोप लागते, फ्रेम जोडणाऱ्याला लागत नाही. पंक्चर पुन्हा झालं तर गिऱ्हाईक शिव्या घालत, सायकल ढकलत परत येतं. फ्रेम पुन्हा मोडली तर गिऱ्हाइकाच्या आधी त्याची खबर येते. भालकीला स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. निजामाचं राज्य, त्यात दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. नवी फ्रेम कुठं मिळत नव्हती, त्यामुळे आसपासच्या गावांतल्या सगळ्या मोडक्या फ्रेमा माझ्या भट्टीवर येत. आता दुकान पुतण्या बघतो. त्याच्याकडं गॅसचं वेल्डिंग आहे, डोळ्यांना काळा चष्मा आहे आणि रात्री निवांत झोप आहे. मला मात्र रस्त्यावरून एखादी सायकल कुरकुरत गेली की हातातला घास ताटात ठेवायची खोड अजून आहे.

माझं नाव नरसिंग. भालकीत ते फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं आणि ती ते घेत नसे. बाकी सगळ्यांसाठी मी मिस्त्री.

हे काम मी हैदराबादेत एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो. फ्रेम जोडायची म्हणजे काय करायचं, ते बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगतो. सायकलची दांडी आतून पोकळ असते आणि तिचा पत्रा नखाहून फार जाड नसतो. मोडलेली टोकं कानशीनं घासून लख्ख करायची, आतून जुन्या नळीचा तुकडा खुंटीसारखा बसवायचा, वरून सवागी, म्हणजे टाकणखार, लावायची आणि कोळशाच्या भट्टीत धरायचं. एका हातानं भाता चालू ठेवायचा. दांडीला पिकल्या संत्र्याचा रंग आला की पितळेची तार टेकवायची. पितळाचं पाणी होतं आणि ते फटीत आपण होऊन शिरतं. रंग थोडा कमी पडला तर पितळ वरच बसून राहतं, आणि वाईट म्हणजे असा कच्चा जोड दिसायला अगदी झकास दिसतो. रंग थोडा जास्त झाला तर लोखंडच जळतं. हा रंग उजेडात ओळखू येत नाही, म्हणून भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावून आत उकडत बसावं लागे. रस्त्यावरचे लोक म्हणत, मिस्त्रीची चैन आहे, दुपारी दुकान बंद करून झोपतो.

जोड थंड झाला की उस्ताद त्यावर लहानशी हातोडी टेकवत आणि कान लावत. "जोड देखनेका नै मियाँ, सुननेका," एवढंच बोलत. पक्का जोड टणकन बोलतो, कच्चा बद्द बोलतो. मीही जन्मभर तसंच केलं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. जनवाड्याकडचे एक पाटील आपली सायकल धुतलेल्या धोतरात गुंडाळून माळवदाच्या खोलीत ठेवत. दसऱ्याला बाहेर काढायची, पूजा करायची, पुन्हा गुंडाळायची. एका वर्षी चाकं फिरेनात म्हणून बैलगाडीत घालून माझ्याकडं आणली. बघतो तर तेल घालायच्या प्रत्येक भोकात हळदकुंकू ठासून भरलेलं. मी तारेनं टोकरायला लागलो तसे पाटील कळवळून म्हणाले, "समदं काढू नको रे बाबा, थोडं राहू दे. देवाचं हाय." मी थोडं राहू दिलं. अशा गिऱ्हाइकाची काळजी नसते, कारण त्याची सायकल रस्त्यावर येतच नाही. काळजी रस्त्यावर येणाऱ्यांची. त्यातही एक माणूस असा भेटला की त्याच्यापायी माझे केस वेळेआधी पांढरे झाले असं मी आजही म्हणतो.

रेवणप्पा हा इंजिनाचा माणूस. एका पिठाच्या गिरणीवर तो इंजिन चालवायचा. एक दिवस त्याच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला आणि सोग्यामागून उजवा पाय. गुडघ्याखालचा पाय उरला तो नुसता नावाला. मालकानं दुसरा माणूस ठेवला. रेवणप्पा वर्षभर घरी बसला. पण बिघडलेलं इंजिन उघडून पुन्हा बसवणारा त्याच्यासारखा दुसरा कुणी आमच्या भागात नव्हता, त्यामुळे लांबलांबच्या गिरण्यांची बोलावणी येतच राहिली. एकीकडं जनवाडा, दुसरीकडं कल्याणी, म्हणजे आताचं बसवकल्याण. एका पायानं एवढं फिरणार कसं? बैलगाडीनं जाण्यात दिवस मोडायचा, तोवर गिरणीवाल्यानं बिदरहून कुणाला तरी आणलेलं असायचं.

मग त्यानं डोकं चालवलं. एका जागीरदाराच्या बंगल्यावर विजेच्या बत्त्या लावायचं एक छोटं इंजिन गंजत पडलं होतं. तिथली मोट-पंपाची कामं करून देऊन रेवणप्पानं ते मागून घेतलं. एका जुन्या सायकलच्या तिकोनात दोन लोखंडी चापांनी ते आवळलं, मागच्या चाकाला लाकडी कडं बसवलं आणि चामड्याचा पट्टा चढवला. पेट्रोल तेव्हा परवान्यावर मिळायचं, तेही नाकदुऱ्या काढून. म्हणून घोटभर पेट्रोलवर इंजिन चालू करायचं आणि मग घासलेटवर पळवायचं. धूर असा की मागून येणारा खोकत येई. गावानं तिला फटफटी नाव दिलं.

तर ती फटफटी एके दिवशी माझ्या दारात आली ती बैलगाडीतून, आजारी माणसाला आणावं तशी कडब्यावर निजवून. खालची दांडी मुंडीजवळ तुटली होती. मुंडी म्हणजे हँडल जिथं फ्रेमला मिळतं ती जागा. तिथं मोडलं की पुढचं चाक आणि मागची सायकल वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि माणूस तिसऱ्या. गाडीत रेवणप्पा होता आणि त्याच्या शेजारी डोईवर पदर घट्ट ओढून त्याची बायको निलव्वा.

मी वाकून बघितलं. तुटलेल्या जागेला लागूनच दांडीवर एक जाड लोखंडी कडं होतं.

"अप्पा, हे कुणी केलं?"

"आमच्या गावच्या लोहारानं," रेवणप्पा म्हणाला. "आधी जरा चीर पडली हुती. त्यानं कडं लाल करून चढवलं, वर पानी मारलं. धाव बसवायला त्याच्यासारखा मानूस न्हाई बघा."

"अप्पा, ही काय गाडीचं चाक हाय व्हय?"

लोहाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव लाल करून चढवली आणि पाणी मारलं की ती आवळते आणि लाकूड एकजीव होतं. ते त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पण सायकलच्या पातळ नळीवर असं कडं बसलं की तेवढीच जागा दगडासारखी होते, आणि इंजिनाची सगळी थरथर कड्याच्या कडेला येऊन साठते. दांडी तिथंच कापली गेली होती.

"मोडली तवा चढावर हुतो," रेवणप्पा हसत म्हणाला. "उतारावर असतो तर आज तुमच्याकडं आलो नसतो." मग तो काठी टेकत समोरच्या हॉटेलात चहाला गेला.

तो रस्ता ओलांडेपर्यंत निलव्वानं वाट बघितली. मग माझ्याजवळ आली. आवाज इतका हळू की मला कान पुढं करावा लागला.

"अण्णा, एक ऐकता का? हे जोडू नका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कामून, अक्का?"

"जुडत न्हाई म्हनून सांगा ह्यांला. तुमचं ऐकत्यात हे. मी शेतात जाते, दोघांचं पोट भरतंय. एक पाय पट्ट्यानं नेला. राहिलेलं मानूस तरी मला घरात दिसू द्या."

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. "अप्पा, लोखंड जळलंय, होणार नाही," एवढं म्हटलं असतं तर रेवणप्पानं मुकाट्यानं ऐकलं असतं, कारण लोखंडाच्या बाबतीत तो मला मानायचा. मी समोर बघितलं. हॉटेलच्या बाकावर तो गाडीवानाला काहीतरी समजावत होता. सांडलेल्या चहात बोट बुडवून बाकावर इंजिनाचं चित्र काढत होता. गाडीवानाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रेवणप्पाचा चेहरा जत्रेतल्या माणसासारखा फुललेला होता.

"अक्का," मी म्हणालो, "जोडतो मी. मला जेवढं येतं तेवढं सगळं त्यात घालतो."

"मोडनार न्हाई म्हनून सांगता का?"

जगातला कुठलाही मिस्त्री ते सांगू शकत नाही. निलव्वानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि गाडीत जाऊन पाठमोरी बसली. त्यानंतर कितीतरी महिने ती माझ्याशी बोलली नाही.

लोहाराचं कडं मी कापून काढलं. आत घालायची नळी नेहमीपेक्षा लांब घेतली आणि तिची दोन्ही टोकं बोरूच्या टोकासारखी तिरकी तासली, म्हणजे जोर एका जागी न साठता हळूहळू पसरतो. फळ्या लावून भट्टीला बसलो. रंग आला, पितळ शिरलं. हातोडी टेकवली तर जोड टणकन बोलला. रेवणप्पा काठीच्या आधारानं चढून बसला, दोनदा खोकून इंजिन चालू झालं आणि तो धुरासकट निघून गेला. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र हातातली हातोडी खाली ठेवायची विसरलो.

पुढं माझी रोजची फरफट सुरू झाली. त्याचं गाव दोनेक कोसांवर आणि वाट भालकीतूनच, त्यामुळे जाताना-येताना फटफटी दुकानावरूनच जायची. सकाळी आवाज गेला की मी संध्याकाळच्या आवाजाची वाट बघायचा. पाऊस पडला की वाटे, निसरड्यात घसरला असेल. ऊन पडलं की वाटे, तापलेल्या रस्त्यावर पट्टा तुटला असेल. बायको म्हणायची, "त्याच्या घरच्या बाईला बी एवढा घोर नसंल." तिला निलव्वा ठाऊक नव्हती.

एका संध्याकाळी दिवे लागायची वेळ झाली तरी आवाज आला नाही. मी दुकान तसंच टाकून सायकलवर बसलो आणि कल्याणीच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक वळणावर रस्त्याकडेच्या चरात बघत होतो. रेवणप्पा सापडला तो पोलीस नाक्यावर. तिथल्या अमीनसाहेबांपुढं, म्हणजे फौजदारांपुढं, कोडं पडलं होतं की ही सायकल की मोटार. सायकल असेल तर तिचा बिल्ला हवा, मोटार असेल तर नंबर हवा, आणि रेवणप्पाकडं दोन्ही नव्हतं.

"हुजूर, पेडल है," मी म्हणालो.

"तो चलाके दिखाव."

रेवणप्पाला पाय मारता येत नव्हते. मग मीच चढलो आणि ते धूड पायांनी रेटत नाक्याभोवती एक चक्कर मारली. इंजिनाच्या वजनानं माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, जीभ बाहेर आली. अमीनसाहेब पोट धरून हसले आणि "जाव, सायकलीच है" म्हणाले. मीही हसलो. पण चक्कर मारताना माझं सगळं लक्ष त्या जोडाकडं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

ज्वारी पोटऱ्यात आली होती त्या दिवसांतली गोष्ट. एका सकाळी दुकान उघडत होतो तर निलव्वा चालत येताना दिसली. पाय धुळीनं भरलेले, काखेत टोपलं. माझ्यासमोर उभी राहिली आणि टोपल्यावरचं फडकं काढलं. आत फटफटीचा चामडी पट्टा होता.

"लपवून आनलाय," ती धापा टाकत म्हणाली. "हे कल्याणीला निघाले हुते. गिरणी बंद पडलीय, मानसं खोळंबल्यात. पट्टा न्हाई म्हनून जाता येईना. अण्णा, ती मोडायलीय."

"कोण म्हणतं?"

"मी म्हनते. काल येताना तिचा आवाज येगळा हुता. फटफटीच्या मधी बारीक झर्र येतंय."

तेवढ्यात मागून बैलगाडी आलीच. गाडीत फटफटी आणि तिच्या शेजारी रेवणप्पा, संतापानं लाल.

"मिस्त्री, पट्टा द्या हिच्याकडला! येडी झालीय ही. तिकडं लोक पिठावाचून बसलेत."

"अप्पा, आलाच आहात तर बघू द्या."

माझ्या जोडावर हातोडी टेकवली. टणकन आवाज आला, पहिल्या दिवशीसारखा. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. रेवणप्पा बायकोकडं वळून म्हणाला, "ऐकलंस?"

"मी हे न्हाई ऐकलं," निलव्वा म्हणाली. "मी दुसरं ऐकलं."

तिच्या त्या बोलण्यानं मी गडबडलो. इंजिनाचे चाप सोडवले आणि इंजिन उतरवून घेतलं. चापाखालची दांडी डोळ्यांना तर ठीक दिसत होती. भालकी स्टेशनवर इंजिन थांबलं की एक रेल्वेचा फिटर माझ्याकडं गप्पा मारायला यायचा, त्यानं शिकवलेली एक युक्ती आठवली. दांडीवर घासलेट चोळायचं, जरा थांबून कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी लावायची. कुठं भेग असली तर आत शिरलेलं घासलेट बाहेर येतं.

आम्ही तिघंही वाकून बघत होतो. पांढऱ्या भुकटीवर चापाच्या जागी एक ओली रेघ उमटली. केसाएवढी बारीक. ती सरकत सरकत दांडीला जवळजवळ पूर्ण वेढा घालून आली. चाप रोजच्या थरथरीनं दांडी कुरतडत होता. कल्याणीच्या वाटेवरचा मोठा उतार माझ्या डोळ्यांपुढं आला.

रेवणप्पानं रेघेवर बोट ठेवलं, बोटाला लागलेल्या घासलेटाकडं बघितलं आणि दुकानाच्या पायरीवर बसला. संताप कुठल्या कुठं गेला होता.

"राहू दे मिस्त्री," तो म्हणाला. "इंजिन कुनाला तरी देऊन टाक. बास झालं."

मी निलव्वाकडं बघितलं. तिला हवं होतं तेच तो स्वतःच्या तोंडानं बोलला होता. तिनं टोपल्यातला पट्टा फडक्याखाली नीट झाकला. मग म्हणाली, "जोडा, अण्णा."

"अक्का, तुम्हीच तर..."

"मीच म्हनले हुते. पाय गेला त्या साली हे भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी शेतातनं यायची तवा बी वळून बघायचे न्हाईत. आता रात्री जेवताना कुठल्या गिरणीत काय झालं ते सांगत्यात. मला काय कळत न्हाई त्यातलं. पर सांगत्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जोडा. फकस्त पट्टा माझ्यापाशी राहील. आवाज नीट असला तर सकाळी मी देईन."

रेवणप्पा मान वर करून तिच्याकडं बघत होता. "तुला गं कसं कळलं? मी वर बसून हुतो, मला कळलं न्हाई."

"तुमी जाता तवापासनं येईस्तवर मी दुसरं काय करते?" ती म्हणाली. "भांगलताना, भाकरी थापताना, कान तिकडंच असतेत. लांबून आला की मला त्यो आवाज समद्या अंगाला कळतो."

मी उठून फळ्या लावल्या. भट्टी पेटवायची होती, आणि माझे डोळेही त्या दोघांना दिसू द्यायचे नव्हते.

भेगेचा तुकडाच कापून काढला आणि पाण्याच्या जाड नळाचा तुकडा जोडून दांडी नवी केली. चापांखाली बाभळीच्या लाकडाची बैठक दिली, तिच्यावर चामड्याची घडी. सगळं होईतो उन्हं कलली. रेवणप्पानं इंजिन चढवलं. निलव्वानं टोपल्यातून पट्टा काढून त्याच्या हातात दिला. इंजिन चालू झालं तशी ती डोळे मिटून उभी राहिली. मीही तिच्या तोंडाकडंच बघत होतो. कितीतरी वेळानं तिनं होकारानं मान डोलावली.

मग तिनं गाडीवानाला हाक मारून रिकामी गाडी पुढं गावाकडं पाठवून दिली. पदर कमरेला खोचला, मागच्या कॅरिअरला हात लावून बघितला आणि त्यावर एका अंगानं बसली. रेवणप्पानं घाबरून मागं बघितलं. "आगं, खाली उतर!"

"चला," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत."

माझ्या तोंडून "अक्का, नको" एवढंच निघालं, आणि तेही इंजिनाच्या आवाजात बुडालं. फटफटी डुगडुगली, सावरली आणि धूर सोडत निघाली. माझ्या ताज्या जोडावर आता दोन जीव होते. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही, दोन्ही हातांनी नवऱ्याचा सदरा घट्ट धरला होता. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून कान देत होतो. आवाज स्टेशनपलीकडं गेला, बारीक झाला, वाऱ्याबरोबर एकदा पुन्हा आला आणि विरला. तरी मी हललो नाही. त्या संध्याकाळी ऐकायला मागं मी एकटाच उरलो होतो.